दोन पत्ते, एक माणूस

संशोधन-मासिकाच्या अंकाचं वेष्टण काढल्यावर बाईंची नजर सवयीने आधी शीर्षकाखालच्या बारीक अक्षरांवर गेली. लेखकांची नावं आणि पत्ते तिथे असतात. संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात बावीस वर्षं त्यांचं हेच काम होतं. संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा प्रत्येक निबंध उघडायचा, लेखकांत परदेशातलं कुणी आहे का पाहायचं आणि कार्ड करायचं. असेल तर 'परदेशासह' या खणात, नसेल तर 'आपले आपण' या खणात. वर्षाअखेरीस दोन्ही खणांतली कार्डं मोजायची.

आज मात्र त्या स्वतःचं नाव शोधत होत्या.

निबंध त्या मोजणीवरच होता. कार्डं त्यांची, कोष्टकंही त्यांचीच. दोन वर्षांपूर्वी संचालक आपणहून म्हणाले होते, "ताई, दोघं मिळून लिहू. तुमचं नाव माझ्या नावाशेजारी." ते नवे लागले तेव्हा याच टेबलाशी बसून, बाईंचा अर्धा डबा फस्त करत, ही मोजणी शिकले होते.

नाव एकच होतं, संचालकांचं. त्याखाली पत्ते दोन. एक संस्थेचा, दुसरा संचालक गेल्या वर्षी सहा महिने राहून आले त्या परदेशी विद्यापीठाचा. शेवटच्या पानावर ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांचे आभार होते.

बाई अंक घेऊन संचालकांच्या खोलीत गेल्या.

"आभार मानलेत की, बाई," सह्या करता करता ते म्हणाले.

ताई नाही, बाई. त्यांना ते आधी ऐकू आलं, बाकीचं मागून.

"कर्मचारी म्हणजे कोण, सर? मी आणि माझी खुर्ची?"

ते हसले. "अहो, बाहेरची मासिकं फार काटेकोर. पदव्या बघतात. समजून घ्या जरा."

"एका शब्दाने सांगायचं तरी."

"राहून गेलं. बरं, अहवालासाठी यंदाचा परदेशी सहकार्याचा आकडा किती?"

"एकोणचाळीस."

"मग हा धरून चाळीस. वरच्यांना चाळीसच हवेत. आज पाठवून टाका."

बाई जागेवर आल्या. पंखा मंद केला, चष्मा पुसला आणि निबंध पहिल्यापासून वाचून काढला. तिसऱ्या पानावर त्यांचाच नियम भेटला. एका माणसाने दोन देशांतले पत्ते दिले तर ते सहकार्य धरू नये. पत्ते नव्हे, माणसं मोजावीत. सुरुवातीला त्यांनीच ही चूक केली होती. मग एका उन्हाळ्यात, सगळे सुटीवर असताना, चारशे कार्डं पुन्हा तपासून निस्तरली होती. ती हकीकत संचालकांना त्यांनीच सांगितली होती, हसत हसत.

त्यांनी कोरं कार्ड घेतलं. लेखक एक, देश एक. 'आपले आपण' हा खण ओढला, कार्ड त्याच्या जागी सरकवलं आणि अहवालाच्या रकान्यात एकोणचाळीस लिहिलं. खाली सही केली. कागद लखोट्यात घालून संचालकांच्या टेबलावर ठेवून आल्या.

फोन वाजला. धाकटी बहीण. दोघी एकत्रच राहत.

"अंक आला का गं?"

"आला."

"मग? तुझं नाव कितवं? सकाळपासून शोकेसमधली बाहुली काढून अंकाला जागा करून बसलेय. लग्नपत्रिकेवर काही छापून आली नाहीस, म्हटलं इथे तरी ये."

बाई हसल्या.

"बाहुली परत ठेव."

पलीकडे बहिणीने रिसीव्हर बाजूला ठेवल्याचं कळलं. मग शोकेसची काच हळूच सरकल्याचा आवाज आला. एकदा, आणि परत एकदा.