एकाच मापाची गिऱ्हाइकं

माझी बायको कपडे शिवायची. बायका फोन करून विचारायच्या, "ताई, कापड किती आणू?" मग ती मशीन थांबवून हिशेब सांगायची. एकदा वैतागून मला म्हणाली, "तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? मग हे त्यालाच सांगू दे की!" तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक छोटी वेब सेवा केली. अंगाचं माप टाकायचं, कापडाचा पन्हा टाकायचा, किती मीटर लागेल ते समोर यायचं. हिशेब तिचा, टायपिंग माझं. ऑफिसातल्या एका जुन्या सर्व्हरवर तिथल्या सर्व्हरवाल्याने त्या सेवेला जागा दिली.

ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासतो, म्हणून सगळे मला तपासनीसच म्हणतात. बायको गेली त्याच आठवड्यात मी त्या सेवेसाठी टेस्ट लिहिली. दर पाच मिनिटांनी ती आपोआप एक माप पाठवायची. उत्तर बरोबर आलं की सेवा चालू. नाही आलं तर माझा फोन वाजणार. टेस्टला कुठलं तरी माप द्यावं लागतं. मी तिचंच दिलं. छाती चौतीस, लांबी बेचाळीस, पन्हा छत्तीस. उत्तर, अडीच मीटर.

आठ महिने फोन वाजला नाही.

सोमवारी सर्व्हरवाला माझ्या टेबलाशी आला. "शुक्रवारी ते जुनं मशीन काढतोय. वहिनींचं काम त्यावर आहे. कोणी वापरत असेल तर नव्यावर हलवतो, नाहीतर बंद करावं लागेल."

"वापरतात की! रोज पावणेतीनशेच्या वर विचारणा असते," मी म्हणालो. घरी निघण्याआधी मी तो आकडा बघायचो. तिला अजून कोणी विचारतंय म्हटलं की पाय जरा उचलायचे.

"बघू."

त्याने नोंदी उघडल्या आणि खाली सरकवत गेला. मग हसायलाच लागला. "अरे तपासनीस, वहिनींच्या सगळ्या गिऱ्हाइकांचं माप एकच कसं रे? चौतीस, बेचाळीस. चौतीस, बेचाळीस. जुळ्यांचं गाव वसवलंय का कुठे?"

त्याने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खुर्ची ओढून बसला.

"वहिनींचं माप?"

"हो."

वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढतोय, आणि स्वतःच्या टेस्टलाच गिऱ्हाईक समजत होतो. त्या नोंदी वगळल्या तेव्हा आठ महिन्यांत तीन माणसं उरली. त्यातलं शेवटचं चार महिन्यांपूर्वीचं, कुणा लहान मुलीच्या मापाचं.

"तरी हलवतो," तो म्हणाला. "तू सांग फक्त. मला कोण विचारतंय?"

दोन दिवस मी काही सांगितलं नाही. हलवली असती तरी विचारणारा मीच आणि उत्तर वाचणाराही मीच. तिला हे आवडलं नसतं. हाताला काम नसलं की ती मशीनवर कापड टाकून उठायची, उगाच पायडल मारत बसायची नाही.

गुरुवारी त्याला म्हणालो, "बंद कर."

"बंद झालं याची टेस्ट लागेल. नियम आहे. मी लिहू?"

"नको. मीच लिहितो."

जुन्याच टेस्टमध्ये एक ओळ बदलली. उत्तर आलं तर चूक, नाही आलं तर बरोबर. माप तेच राहू दिलं. शुक्रवारी चार वाजता त्याने मशीन बंद केलं आणि लांबूनच हात हलवला. मी टेस्ट चालवली. तीस सेकंद ती उत्तराची वाट बघत थांबली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच मला उत्तर नको होतं, आणि तरी मी ते येतंय का बघत होतो. आलं नाही. टेस्ट पास झाली.

सर्व्हरवाला सेवा बंद केल्याचा कागद घेऊन आला. तारीख त्याने भरली होती, नावांच्या दोन जागा कोऱ्या ठेवल्या होत्या. सेवा कोणाची, तिथे मी तिचं नाव लिहिलं. कोणी तपासली, तिथे माझं. त्याने शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरला, मग फाइलला लावला.