खिळ्यावरची रोटी

माझ्या दुकानात एकच वस्तू विकायची नाही, ती खिळ्यावरची रोटी. बाकी मेंढीच्या लोकरीच्या टोप्या हव्या तेवढ्या घ्या. उझबेकिस्तानातल्या आमच्या खिवा शहराच्या तटबंदीत पश्चिम दरवाजानं शिरलात की अर्धवट राहिलेल्या निळ्या मिनाराच्या सावलीत पहिलं दुकान माझं. लोक येतात, भर उन्हात झिपरी टोपी डोक्यावर चढवतात, फोटो काढतात आणि टोपी माझ्या हातात कोंबून चालू पडतात. मग त्यांचा घाम मी पुसत बसायचं!

रोटीबद्दल मात्र सगळे विचारतात. उष्टी रोटी कशाला टांगलीय? आमच्यात घरातलं माणूस लांब निघालं की त्याला ताज्या रोटीचा एक घास दातांनी तोडायला लावतात. उरलेली टांगून ठेवायची आणि परत आल्यावर त्यानंच संपवायची. रोटी संपली की प्रवास संपला. माझा शोनझर सहा वर्षांपूर्वी रशियात बांधकामावर गेला, तेव्हाचा हा घास. त्याचे पुढचे दोन दात जरा तिरके आहेत, ते त्यात स्पष्ट दिसायचे. नवरा कधीच गेला, दुसरं मूल नाही. संध्याकाळी दुकान आवरताना मी त्या रोटीशीच बोलते. हसा खुशाल.

गेल्या मंगळवारी एक घोळका आला. पुढे छत्री उंच धरलेली त्यांची गाईड. मी रोजच्यासारखी ओरडले, "या, या, बघायला पैसे पडत नाहीत!"

घोळक्यातला एक गॉगलवाला म्हणाला, "आई, अजून तेच ओरडतेस?"

अगं बाई गं! माझा शोनझर! "मेल्या, कळवायचं तरी!"

"कळवलं असतं तर तुझं हे तोंड बघायला मिळालं असतं का?" तो हसला. अंगानं चांगला भरला होता. बरोबर त्याची बायको झोया. तिला मी फोनवरच पाहिलं होतं. पोरगी गोड. तिनं माझ्या गालांचे तीन मुके घेतले आणि थेट टोप्यांना हात घातला. एक पांढरी टोपी तिला शोभलीही. शोनझरनं खिशातून नोटा काढल्या.

"आईला पैसे देतोस?"

"अगं, धंदा आहे तुझा."

"धंदा गेला खड्ड्यात. ठेव ते आत."

शेजारची बीबीझान शाली विकते. ती तिकडून ओरडली, "अनाजान, मुलगा आलाय आणि उभी काय राहिलीस खांबासारखी? रोटी काढ की!"

मी स्टुलावर चढले. सहा वर्षांत पहिल्यांदा ती रोटी खाली आली. दुकानामागेच माझं घर. दोघांना आत बसवलं. रोटीचा पार दगड झालेला, म्हणून वाडग्यात घालून वर गरम चहा ओतला आणि मग विचारलं, "सामान कुठाय रे?" हे आधी विचारायला हवं होतं. घाई नडली.

"हॉटेलात. सहलीबरोबर आलोय गं. उद्या बुखारा, परवा समरकंद, मग परत घरी."

घरी म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. वाडगा त्याच्यापुढे सरकवला. "खा."

त्यानं झोयाकडे पाहिलं. तिला आमची भाषा येत नाही, ती भिंतीवरच्या गालिच्याचा फोटो काढत होती.

"आई, तूच सांगायचीस ना, रोटी संपली की प्रवास संपला. मी राहायला नाही आलेलो. तिकडे फ्लॅट घेतलाय आम्ही. खोटं कसं खाऊ?"

"एकच घास. माझ्यासाठी."

"नको ना. राहू दे टांगलेली. येईन कधीतरी."

"कधीतरी म्हणजे मी मेल्यावर?"

त्यानं वाडगा परत माझ्याकडे सरकवला. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. बाहेरून छत्रीवाली हाका मारायला लागली, चला, लाकडी खांबांची मशीद राहिलीय!

"त्या खांबांमागे लपायचास तू," मी म्हटलं.

"झोयाला दाखवतो," तो म्हणाला आणि उठला.

मी दारात उभी राहिले. सगळं लहानपण गेलं याचं त्या मिनाराच्या सावलीत, आणि आता इतरांसारखीच मान वर करून फोटो काढत होता. आत आले तर चहाच्या किटलीखाली टोपीचे पैसे ठेवलेले.

भिजलेली रोटी टाकणं पाप. मीच खाल्ली असती तर वाट बघणंही संपलं असतं, आणि तेवढी माझी छाती नाही. छपरावर फडक्यावर वाळत घातली. दोन दिवसांत वाळवंटाच्या वाऱ्यानं खडखडीत झाली. पुन्हा खिळ्याला लावली. पण चहात फुगून घासाची कड गळून गेली होती. ते तिरके दात मी चष्मा लावून शोधले. नाहीत.

काल एका बाईनं विचारलं, ही कुणाची?

"माझ्या मुलाची. आला की खाईल."

"अगं, मंगळवारी आला होता ना?" बीबीझान म्हणाली.

"ते गिऱ्हाईक होतं गं," मी म्हटलं. "टोपी घेतली, पैसे ठेवले, गेलं."