बिननावाचं रक्त

तिनं रक्ततपासणीची प्लेट खिडकीच्या उजेडात धरली आणि पुन्हा पाहिलं. सगळे खळगे पाण्यासारखे नितळ होते. एकच तेवढा पिवळाधमक झाला होता, म्हणजे कुणा एकाच्या रक्तात आजार होता.

ही पाहणी करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंदाजाला धरूनच आहे. धडधाकट माणसांत सिलिअ‍ॅक कितपत दडलेला असतो, एवढंच त्यांना हवं होतं. गव्हाचा घास आतून आतडं पोखरत राहतो आणि वरून माणूस टुणटुणीत दिसतो, असा हा लबाड आजार. कुणाचं रक्त कोणतं ते कळू नये म्हणून नळ्यांवर नावंच घातली नव्हती. पण त्या प्लेटमधलं सगळं रक्त एकाच छापखान्यातलं होतं, आणि तिथल्या यंत्रावर तिचा नवरा होता.

नवरा काडीपैलवान. खाल्लेलं अंगी लागायचं नाही. कुणी चिडवलं की म्हणायचा, मला काय धाड भरलीय! तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

संध्याकाळी ती घरी निघाली ती तरंगतच. रस्ता पाण्याखाली असावा तशी माणसं संथ, मूक चालली होती आणि जो तो हातात पाव घेऊन चाललाय असं तिला वाटत होतं. तो पिवळा खळगा आपल्या ह्यांचा नको, दुसऱ्या कुणाचाही असू दे, असं ती मनात घोकत होती. तेवढ्यात पलीकडून छापखान्यातल्या बाइंडरनं हसून हात केला, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

रात्री तिनं नवऱ्याला सारं सांगितलं. ज्यांना कळून घ्यायचंय त्यांनी पुन्हा रक्त द्यावं, या वेळी नावासकट, एवढीच वाट होती.

सकाळी छापखान्यातली यंत्रं थांबवून तिनं सगळ्यांना तेच समजावलं. कुणी जागचं हललं नाही. जो तो शेजाऱ्याकडे बघत राहिला. मग नवरा बाही सारत खुर्चीवर येऊन बसला.

"पिवळं माझंच निघू दे," तो हळूच म्हणाला.

"असं काय बोलताय?"

"अगं, माझ्या ताटाकडे बघायला तू आहेस. इथले निम्मे एकटे जेवतात."

त्याच्या मागे बाइंडर येऊन उभा राहिला, मग आणखी एकजण. नवरा मागत होता त्याच्या नेमकं उलट तिनं रात्रभर मागितलं होतं. तिनं त्याच्या दंडाला पट्टा आवळला, पण डोळे इतके भरून आले होते की तिला शीर सापडेना.