सोऱ्याचा टाक

"आधी ही निब काढ, मग शेव गाळ," बंडोपंत स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले. उजव्या हातात टाक, टाकाच्या टोकाला लाल शाईत भिजलेली निब आणि चेहरा असा, की सगळ्या कळमनुरीचं काम त्या निबेपायी खोळंबलंय.

अनुसूयाबाईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत बेसनात होते आणि कढईतलं तेल धूर सोडायला लागलं होतं.

"तेल जळायलंय हो! जरा थांबलं तर काय बिघडतंय?"

"शाई वाळली की निब चिकटून बसते. मग तूच म्हणतीस, निघंना म्हणून."

आता या माणसापुढे काय बोलावं! बाईंनी गॅस बारीक केला, हात पुसले, खिडकीतली पकड घेतली. एका हातानं टाकाची दांडी आवळली, दुसऱ्या हातानं पकडीत निब धरून हिसका दिला. निब निघाली, पण जाता जाता लाल शाईचा शिंतोडा बेसनाच्या गोळ्यावर टाकून गेली.

"झालं! आता पाहुण्यांना सांगायचं, तिखट जरा जास्त पडलं म्हणून."

बंडोपंत हसले नाहीत. त्यांनी काळ्या शाईची निब पुढे केली. "ही बसवून दे."

बंडोपंत म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. आता लग्नपत्रिका सगळे छापूनच घेतात, मोबाइलवर पाठवतात. पण देवापुढे ठेवायची पहिली पत्रिका हातानं लिहिलेली पाहिजे, अशी तिथल्या बऱ्याच घरांची रीत होती. ती देवाची पत्रिका लिहावी बंडोपंतांनीच. श्रीकार आणि नवरानवरीची नावं लाल शाईत, मुहूर्त नि बाकीचा मजकूर काळ्या. लालाची निब काळ्यात बुडवायची नाही, काळ्याची लालात नाही. एका पत्रिकेत निब किती वेळा बदलायची, ते देवालाच ठाऊक.

पूर्वी हे सगळं ते स्वतःच करायचे. मागल्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. उजवा देवानं राखला. लिहिता येत होतं अगदी पहिल्यासारखं. पण एका हातानं दांडी धरायची का निब ओढायची? एकदा शेजारच्या पोराला बोलावलं, तर त्यानं निबेचं टोकच वाकडं करून ठेवलं. बंडोपंत दोन दिवस सुतकात असल्यासारखे बसून होते. तेव्हापासून हे काम बाईंचं. बाई हळदीकुंकवाला गेल्या तरी अंगठा काळा.

"मग दोन टाक ठेवा ना," असं त्यांना कुणीही सांगायचं. पण टाक होता वडलांचा, शिसवी दांडीचा, बोटांच्या खुणा पडलेला, आणि बंडोपंतांचा हात म्हणे दुसऱ्या दांडीवर बसतच नव्हता. हट्टाला औषध नाही.

हे सगळं बाईंनी हसत सोसलं असतं. पण नांदेडला लेक संध्या गरोदर होती. पहिलंच बाळंतपण, घरी सासू नाही, आणि डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केलेली. रोज फोन यायचा, "आई, तू येतीस ना गं?" दिवस भरायचे नेमके तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे लग्नाच्या तिथी सुरू होतात तेव्हाच. पत्रिका बंद करा म्हणणं बाईंच्या जिवावर यायचं. झटक्यानंतर हा माणूस अंथरुणावरून उठला तोच मुळी त्या पत्रिकांसाठी. एकीकडे लेक, एकीकडे नवरा; बाईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

काळी निब बसवून देऊन बाई परत कढईपाशी आल्या. सोऱ्यात पिठाचा गोळा भरला, कढईवर धरला नि वरून दाबला. शेव सरसर खाली उतरली. बाईंचा हात तिथंच थांबला. त्यांनी सोऱ्याकडे बघितलं, पकडीकडे बघितलं, परत सोऱ्याकडे बघितलं. पहिला घाणा करपला तो त्यापायी.

"अहो!" बाई तशाच पिठाच्या हातानं बाहेर धावल्या. "सोऱ्यातली शेव आपण ओढून काढतो का?"

"आता शेव पण मीच करू?"

"ऐका तरी! शेव मागून दाबून काढतो. मग ही मेली निब काहून पुढून ओढायची? दांडी पोकळ करायची, आत दांडा घालायचा आणि मागून दाबायचं. पडंल की आपसूक!"

बंडोपंतांनी टाक छातीशी धरला. "माझ्या वडलांचा टाक आहे हा. आरपार भोक पाडायला ती काय बासरी आहे?"

"मग काय करू मी?" बाईंचा आवाज चढला. "तिकडं माझं लेकरू पहिलटकरीण, अन् मी इथं निबा उपटत बसू? तिला कळा यायला लागल्यावर तिनं कुणाचा हात धरायचा? मला जायचंय. सांगून ठेवते, मला जायचंच आहे!"

एवढं बोलून बाईंनाच रडू फुटलं. संसारात इतक्या मोठ्या आवाजात त्या कधी बोलल्या नव्हत्या. बंडोपंत टाक घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले. बाईंनी उरलेली शेव तळली, डबा भरला, कढई घासली. दिवेलागणीला बंडोपंत पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात आले. टाक धुऊन, पुसून, जुन्या रुमालात गुंडाळलेला.

"घे," ते म्हणाले. "पाड म्हणावं भोक."

बाजाराच्या रस्त्यावर नेमसिंगचं पंप-मोटारी दुरुस्तीचं दुकान. तांड्यावरचा गडी, हात सोन्याचा आणि तोंड त्याहून पुढे. बाईंनी त्याला सोऱ्या नि टाक दोन्ही दाखवले.

"काकू, काका दोन टाक काहून ठेवत न्हाईत?"

"लग्न झाल्यापासून हेच विचारते मी. तू भोक पाड."

त्यानं पाडलं. फार जपून पाडलं. लाकडाला चीरसुद्धा गेली नाही. आत पितळेचा बारीक दांडा, मागे दाबायला बोंडूक, पुढे निब धरायला चिरलेली नळी आणि तिला आवळणारं सरकतं कडं. दांडा परत मागे यावा म्हणून स्प्रिंग, आणि ती कुठल्याशा पंपाच्या व्हॉल्वची.

चाचणी बंडोपंतांच्या घरी झाली. त्यांनी देवाचं नाव घेतलं, कडं मागे सारलं आणि बोंडूक दाबलं. फट्ट आवाज झाला. निब नेमसिंगच्या कानाजवळून गेली आणि दाराच्या चौकटीत रुतून बसली.

नेमसिंग कान चाचपत म्हणाला, "काका, ह्यानं पत्रिका लिहायच्या का रानडुकरं मारायची?"

बंडोपंत हसायला लागले. आधी हुंकारल्यासारखे, मग खो खो, मग खुर्चीचा हात धरून. लुळा हातसुद्धा मांडीवर थरथरत होता. झटक्यानंतर ते असे कधीच हसले नव्हते. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या आणि चौकटीला पडलेल्या भोकाबद्दल बोलायचं विसरून गेल्या.

मग नेमसिंगनं बॉलपेनातली मऊ स्प्रिंग घातली. कडं टेबलाच्या कडेला टेकवून एका हातानं मागे सारता येत होतं. बोंडूक दाबलं की निब अलगद वाटीत पडायची. काढायचं तर जमलं; पण नवी निब बसवायची कशी? निब धरायला दुसरा हात कुठाय?

"ते माझ्या मोटारीवाल्या डोस्क्यात येत न्हाई, काकू," नेमसिंगनं हात टेकले.

बाई आत गेल्या आणि अर्धा बटाटा घेऊन आल्या. नव्या निबेचा तेलकटपणा जावा म्हणून बंडोपंत ती बटाट्यात खुपसून ठेवायचे, ते त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं. त्यांनी बटाटा दुसऱ्या वाटीत पालथा बसवला आणि त्यात निबा टोकं खाली करून उभ्या रोवल्या; लाल इकडे, काळ्या तिकडे.

"आता वरून टाक दाबा."

बंडोपंतांनी दाबला. निब नळीत शिरली. कडं टेबलाला लावून पुढे सारलं, घट्ट झाली. त्यांनी टाक उचलून उजेडात धरला, हलवून बघितला. निब जागची हलेना.

"जमलं की बराबर!" नेमसिंग ओरडला. "काकू, तुमी माझ्या दुकानात या कामाला."

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा. बाईंनी सांगून टाकलं, "मी अंगणात बसते. घराला आग लागली तरच हाक मारा." आणि तूर निवडायला सूप घेऊन बसल्या. तूर कसली निवडतात! कान सगळे आत. वाटीत निब पडल्याचा आवाज आला की त्या अर्ध्या उठायच्या आणि परत बसायच्या. बराच वेळ कागदावर निब करकरत राहिली. हाक काही आली नाही.

शेवटी बंडोपंतच बाहेर आले, पत्रिका तळहातावर तोलून धरलेली. लाल श्रीकार, लाल नावं, काळा मुहूर्त. कुठं डाग नाही, कुठं खाडाखोड नाही.

"माझी मी लिहिली," ते म्हणाले. पहिला नंबर आलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता.

"छान झालीय," बाई म्हणाल्या. त्यांना आनंद झाला होता, अगदी मनापासून झाला होता. पण आनंदाच्या खाली काहीतरी बोचत होतं, आणि ते काय म्हणून विचारायला त्या थांबल्या नाहीत. त्यांनी संध्याला फोन लावला. "येते गं बाई! उद्या सकाळच्या गाडीनं येते."

सकाळी सगळं आवरून झालं. खानावळीचा डबा लावला होता, औषधाच्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या. डिंकाच्या लाडवांचा डबा पिशवीत गेला. बंडोपंत आंघोळ करून टेबलाशी बसले ते बसलेच.

"येते मी," बाई म्हणाल्या.

"हं."

"डबा गरम असतानाच जेवा. गोळी चुकवू नका."

"हं."

त्यांनी कडं सारलं, बोंडूक दाबलं, लाल निब वाटीत पडली. बटाट्यातली काळी उचलली.

बाई पिशवी घेऊन दारात थांबल्या. हे स्टँडपर्यंत नाही तरी अंगणापर्यंत येतील, एवढं त्यांनी धरलं होतं. आवाज जरा जड होईल, 'लवकर ये' म्हणतील. त्यावर काय बोलायचं तेही रात्री ठरवून ठेवलं होतं: नांदेडलाच तर चालले, काही काशीला नाही. पण बंडोपंतांची मान वर होईना. जिभेचं टोक दातांत धरून ते मुहूर्ताची ओळ लिहीत होते.

बाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या.

"ऐकलंस का?" आतून आवाज आला.

त्या गर्रकन वळल्या. "हां, बोला ना!"

"जाताना दार ओढून घे. वाऱ्यानं कागद हलायलाय."

बाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ते दार ओढलं की फार वाजायचं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, कडी दोन्ही हातांनी धरली आणि लिहिणाराचा हात दचकू नये म्हणून दार अगदी हळूहळू लावून घेतलं.