सोनेरी खांबाच्या पोटातली वाळवी

मित्रांनो, चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमध्ये टेकडीवरच्या जेझुइट चर्चच्या मागच्या खोलीत एक भंगलेला लाकडी खांब आडवा पडला आहे, तो मी. एकेकाळी गायकांचा सज्जा मी डोक्यावर पेलत होतो.

मला माचुदा पावलू या जपानी सुताराने कोरले. ख्रिस्ती धर्मापायी छळ झाला म्हणून तो देश सोडून इथे आला होता. त्याला द्राक्षवेल कोरायला सांगितली होती, पण घोस उतरले ते लांबच लांब, लोंबते.

"ही कुठली द्राक्षं रे?" फादरांनी विचारले.

"आमच्या अंगणात अशी फुलं लागायची, फादर."

फादरांनी घोस तसेच राहू दिले. मग माझ्यावर लाल लाख आणि सोन्याचा वर्ख चढला. वेदीवरच्या चिनी डोळ्यांच्या देवदूतांबरोबर माझेही कौतुक होऊ लागले.

आमच्या दमट हवेत वाळवी फार. म्हणून दरवर्षी पंखवाली वाळवी दिव्याभोवती जमली, की चर्चचा सेवक प्रत्येक खांब ठोकून, कान लावून ऐके. हे काम पिढ्यान्‌पिढ्या लौ घराण्याकडे होते. इनासियु लौंचे कान म्हातारपणी गेले, पण काम जाईल या भीतीने त्यांनी घराबाहेर कुणाला पत्ता लागू दिला नाही. "खांब ठणठणीत आहे," ते सांगत. मी मात्र आतून पोखरला जात होतो आणि मला बोलता येत नव्हते.

त्यांची सून कुएन मला पुसायची. एकदा पुसताना तिचा हात माझ्यावर आपटला आणि तिला पोकळ आवाज आला.

"बाबा, त्या खांबाचं काही खरं नाही," ती त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली.

"ओरडतेस कशाला? मी बहिरा आहे का? तू आपली कापडं बडव."

ती दांडके उचलून धुण्याला गेली; दुसऱ्या कुणाला तिने सांगितले नाही. सासऱ्याला चारचौघांत खोटे पाडणाऱ्या सुनेच्या दारी आमच्याकडे कुणी चहालाही थांबत नाही.

सणाच्या दिवशी तीस मुली गायला सज्ज्याचा जिना चढू लागल्या. तेवढ्यात कुएन धुण्याचे दांडके घेऊन आली आणि भरल्या चर्चमध्ये तिने ते माझ्यावर हाणले. सोनेरी घोस फुटले, भळाभळा माती आणि वाळवी सांडली. मुली धावत खाली आल्या.

"माफ करा, बाबा," ती गुडघे टेकून म्हणाली.

इनासियुंनी ती माती हातात घेतली. "दोन वर्षं झाली, मला खांबाचा आवाज ऐकू येत नाही," ते सर्वांना म्हणाले. दुसऱ्या दिवशी चर्चच्या किल्ल्या आणि ते काम दुसऱ्या सेवकाकडे गेले. वर्षभर ते सुनेशी बोलले नाहीत. तिच्या हातचा भात तेवढा खात राहिले.

मित्रांनो, सोने चढवणारे मला पुष्कळ भेटले. तुम्ही मात्र भार पेलणाऱ्याला अधूनमधून ठोकून पाहा. आणि तुम्हाला ऐकू येत नसेल, तर तसे सांगा. लाज वाटेलच. पण मुली जिना चढण्याआधी सांगा.