भाराखाली खरा

लोक माणसांचे उपकार मानतात. मी एका वजनकाट्याचे मानते. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीशेजारी तो असतो, एका बाजूला पोचा आलेला. त्याच्या शेजारी बसणाऱ्या सिस्टरचेही मानते, पण ते ओघाने येईल.

माझे यजमान वजनकाटे दुरुस्त करतात. बाजारात त्यांना सगळे 'काटेवाले' म्हणतात. मी दुकानात हाताखाली बसायला लागले त्याला बावीस वर्षं झाली, म्हणून मी 'काटेवालीबाई'. पहिल्या दिवशी त्यांनी मला शिकवलं ते असं: "शून्यावर सगळेच काटे शहाणे असतात. खरा कोण ते भाराखाली कळतं." हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात, आणि गिऱ्हाईक नसलं की मला.

आता गंमत बघा. गावभरची वजनं खरी करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं वजन घरात दोन वर्षं खोटं होतं. आणि ते खोटं मी केलं होतं.

झालं असं, की त्यांनी एकदा मनावर घेतलं. साखर बंद, तळलेलं बंद, सकाळी चालणं सुरू. सहा आठवडे एक बिस्किट चोरून खाल्लं नाही. खाल्लं असतं तर मला कळलं असतं, डब्यातली बिस्किटं मी मोजते. पण काटा काही बधेना. एका सोमवारी दीड किलो कमी, पुढच्या सोमवारी दोन किलो जास्त. बाथरूमबाहेर आमचा जुना स्प्रिंगचा काटा असतो. त्यावरून उतरून ते स्टुलावर बसून राहायचे, टॉवेल मांडीवर घेऊन. एवढा आडदांड माणूस, पण तिथे परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा दिसायचा. मला बघवेना.

एका दुपारी ते बाहेर गेले तशी मी काटा उलटा केला. चार स्क्रू काढले, स्प्रिंगचा नट अर्धा फेरा आवळला आणि शून्य पुन्हा जागेवर आणून ठेवलं. पुढच्या सोमवारी चार किलो कमी! दिवसभर शिट्टी वाजवत होते. मला वाटलं, माणसाला उमेद आली की बाकीचं आपोआप होईल. कसलं काय! उमेद आली आणि तिचं बोट धरून भूकही आली. वजन वाढत गेलं, मी नट आवळत गेले. शून्य जागेवर दिसायचं आणि वजन ते घरीच करायचे, म्हणून त्यांना संशय आला नाही.

पुढे साखरेचा आजार जडला, गुडघे कुरकुरायला लागले, झोपेत श्वास अडकायला लागला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, "वजन कमी करायच्या ऑपरेशनचा विचार करा. करूच नका हवं तर, पण भेटून तरी या." यांचं उत्तर ठरलेलं: "कशाला? उतरतंय की हळूहळू. एकशे चोवीसवर आलोय." आणि मी शेजारच्या खुर्चीत मिठाची गुळणी धरून बसलेली.

मग एका दुपारी दुकानात काम करता करता त्यांचा बसल्या बसल्या डोळा लागला. हातात सोल्डरिंगची तापलेली सळई होती. मनगट भाजलं. डॉक्टर मलम लावत म्हणाले, "झोपेत श्वास अडकतो, म्हणून दिवसा झोप येते. आज मनगटावर निभावलं. उद्या स्कूटरवर असाल तर?" त्यांनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. घरी आल्यावर मी बाथरूमबाहेरच्या त्या काट्याकडे बघितलं. या माणसाला काही झालं तर त्याला माझा तो अर्धा फेरा कारण असणार होता.

बोलायचं होतं तेव्हाच. नाही बोलले. घाबरले, दुसरं काय.

मोठ्या दवाखान्यात सिस्टरने यांना काट्यावर उभं केलं. "एकशे अडतीस," ती म्हणाली आणि लिहूनही टाकलं.

"सिस्टर, तुमचा काटा चौदा किलो खोटं बोलतोय."

"काका, इथे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो."

"प्रत्येक जण काटेवाला नसतो." यांचा आवाज चढला. "आधी काटा तपासू, मग माणूस." आणि डॉक्टरांना न भेटताच मला घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वीस-वीस किलोची पाच लोखंडी मापं ढकलगाडीवर घालून दवाखान्यात गेलो. लिफ्टजवळ रखवालदाराने विचारलं, "पेशंट कुठे आहे?" मी यांच्याकडे बोट दाखवलं. "मग हे काय?" म्हटलं, "हे साक्षीदार."

दुसरी कोणी असती तर हाकलून दिलं असतं. त्या सिस्टरने खुर्ची सरकवून जागा करून दिली आणि म्हणाली, "तपासा काका, माझाही जीव भांड्यात पडेल." वाकल्यावर यांना धाप लागते, म्हणून मापं मी ठेवत गेले. वीस. चाळीस. साठ. ऐंशी. शंभर. काट्याने एका ग्रॅमचीही लबाडी केली नाही. मी पाचही मापं उतरवली. हे गुपचूप चप्पल काढून काट्यावर चढले. एकशे अडतीस.

"भाराखाली खरा आहे," ते म्हणाले. "माफ करा सिस्टर, काल उगाच तोंड सोडलं." मग बाकावर येऊन बसले.

"म्हणजे घरचा चुकतोय," ते हळूच बोलले. "पण स्प्रिंग थकली तर काटा जास्त दाखवतो गं. कमी दाखवायला कुणाचा तरी हात लागतो." एवढं बोलून त्यांनी मान वर केली. आमच्या घरात काट्याला लागू शकतील असे हात चारच, त्यातले दोन त्यांचे.

"मी केलं," मी म्हटलं. "नट आवळला. पाच वेळा."

त्यांनी आधी काय विचारावं? "आणि शून्य कसं धरलंस?"

"तुम्हीच शिकवलंय."

ते हसले नाहीत. उठले, आणि ढकलगाडी माझ्यावर सोडून पुढे चालायला लागले. दोन दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती. मी तिसऱ्यांदा माफी मागितली तेव्हा म्हणाले, "दोन वर्षं मी तुझ्यासमोर छाती काढून सांगत होतो, उतरतंय म्हणून. काय वाटत होतं तुला ऐकताना?" मला रडूच आलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही ऑपरेशनवाल्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. बाई अंगाने काडी, पण बोलणं रोखठोक. कागदावर पोट काढून त्यांनी पेन्सिलीने त्याची केळ्याएवढी नळी करून दाखवली. "उरलेलं पोट काढून टाकतो. थोडक्यात पोट भरतं, भूकही कमी लागते. तुमची साखर, तुमचा श्वास, दोन्हीला बहुतेक आराम पडेल. पण ही जादूची कांडी नाही. रक्तस्राव होऊ शकतो, टाके गळू शकतात. क्वचित होतं, पण होतं. गोळ्या आणि तपासण्या जन्मभर. पोट मी लहान करीन, सवयी मला कापता येत नाहीत. गोड सरबतं घोट घोट पीत राहिलात तर वजन परत येतं. काही जणांना मी नको म्हणूनच परत पाठवते."

"मला पाठवाल?"

"ते आज नाही सांगणार. तीन महिने आहारवाल्या ताईंकडे या, श्वासाची तपासणी करा, मनाच्या डॉक्टरांशी बोला. मग तुम्ही ठरवा, मीही ठरवते." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "एक सांगा. पहिलं वर्ष कठीण जातं, माणूस स्वतःलाच फसवायला लागतो. घरात तुम्हाला खरं सांगणारं कोणी आहे?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"आहे की," हे म्हणाले. "ही काय."

"अहो..."

"लिहा डॉक्टर. चौदा किलो दोन वर्षं एकटीने वाहिलेत हिने. आता खरं सांगायचं म्हणजे हिला सुट्टीच."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी लिहून घेतलं. मी पदर तोंडाशी धरून बाहेर गेले, तर त्या सिस्टरने न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. त्या एका पेल्यासाठी मी तिचं नाव अजून काढते.

त्या संध्याकाळी यांनी मलाच घरचा काटा उघडायला लावला. मी नट सैल केला, त्यांनी मापं ठेवून तपासलं आणि वर शिशाचं सील ठोकलं.

तीन महिने त्यांनी सगळं केलं. झोपताना श्वासाचं यंत्र तोंडाला लावलं, घास चावायला शिकले, आणि एका सकाळी दाढी करता करता म्हणाले, "करूया." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांचं पोट, त्यांचं ठरवणं. बाईंनीही होकार दिला. ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आल्यावर वाटीभर सूप प्यायला पाऊण तास लागायचा. एकदा घाईने खाल्लं आणि सगळं उलटून पडलं. केस गळले. पण दुसऱ्या महिन्यापासून दुपारी दुकानात त्यांची मान कलंडेनाशी झाली, आणि साखरेची एक गोळी डॉक्टरांनी बंद केली. मी रोज कोणाचे ना कोणाचे आभार मानायचे. घरी कोणी नसलं तर त्या पोचा आलेल्या काट्याचे.

पाचव्या महिन्यात मात्र काटा अडला. तीन सोमवार एकशे अकरा. आहारवाल्या ताई म्हणाल्या, असं होतं, धीर धरा. पण धीर धरणाऱ्याचं तोंड मला दिसत होतं. स्टूल अजून तिथेच होतं.

चौथ्या सोमवारी ते डोळे मिटूनच काट्यावर चढले. "तूच सांग. किती?"

मी वाकले. सील जागच्या जागी होतं. एकशे साडेअकरा. माझ्या जिभेवर 'एकशे दहा' तयार होतं, अगदी तोंडाशी आलेलं. एक-दीड किलोने कोणाचं काय बिघडतं?

"एकशे साडेअकरा," मी म्हटलं. "अर्धा किलो वाढलंय."

त्यांनी डोळे उघडले. खाली बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"थँक्यू गं," ते म्हणाले. बावीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी फक्त गिऱ्हाइकांसाठी ऐकला होता.

मग ते स्टुलावर बसले, चालायला जायचे बूट घालायला. मीही चपला पायात सरकवल्या.