डाव्या हाताचा समुद्र

द्रौपदाबाई समुद्रापर्यंत पोचल्या. हे आधीच सांगून टाकलं ते चुकलं. वाचलंच नाही असं समजावं. त्या अजून कुठेही पोचलेल्या नाहीत, अमळनेरला खाटेवर डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडल्या आहेत, आणि साल अठ्ठ्याण्णव आहे.

सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून चौतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. नोकरीतल्या दोन सवयी मात्र निवृत्त झाल्या नाहीत. समोर येईल त्याची नाडी बघायची, आणि काही हवं असलं की अर्ज लिहायचा. दूध घट्ट मिळावं म्हणून त्या दूधवाल्यालासुद्धा अर्ज देत. तोही बिचारा पोच म्हणून सही करी आणि दूध पातळच देई.

पुतण्या यादव कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. क्लासनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्यानं घरी आणला, त्यात मोटारींच्या शर्यतीचा गेम होता. एका दुपारी द्रौपदाबाईंनी सहज वरचा बाण दाबला आणि लाल मोटार निघाली. ज्या बाईला सायकल येत नव्हती ती घाटातून ताशी दोनशेनं गेली. शर्यतीशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. पण तिसऱ्या वळणावर झाडं संपत आणि डाव्या हाताला समुद्र दिसे, जेमतेम तीन सेकंद. खरा समुद्र पाहायचा राहूनच गेला होता. बदल्या झाल्या त्या चोपडा, जामनेर, धुळे. जिथे जिथे समुद्र नाही तिथे तिथे सरकारनं त्यांना आठवणीनं पाठवलं.

आता हाही समुद्र हातचा चालला होता. जुना मॉनिटर असा लुकलुके की तिसरं वळण यायच्या आत कपाळ ठणकू लागे.

"याचा रिफ्रेश रेट कमी आहे, अक्का," यादव म्हणाला. सगळी गल्ली अक्का म्हणे, म्हणून तोही. "एक तर दुसरा मॉनिटर घेऊ, नाहीतर मोटार चालवणं सोड."

दोघं जळगावला रतिलालशेठच्या दुकानात गेले. बजेटात बसणारे मॉनिटर दोनच होते, दोन्ही एकाच किमतीचे. एक पंधरा इंची, एक चौदा.

"मोठा साठ हर्ट्झचा," यादवनं समजावलं. "म्हणजे पडदा सेकंदाला साठ वेळा विझून पेटतो. लहान पंच्याऐंशीचा."

"साठ चांगला," द्रौपदाबाई म्हणाल्या. "लहानग्याला कणकण दिसते."

"ही नाडी नाही, अक्का. आणि मिनिटाला नाही, सेकंदाला."

"सेकंदाला?" त्यांनी मॉनिटरच्या कुशीला दोन बोटं लावली. "मग दोघांनाही दाखल करून घ्या."

रतिलालशेठनं प्रामाणिकपणे सांगितलं, "अक्का, लहान पंच्याऐंशीवर चालतो, पण चित्र जाडंभरडं ठेवलं तर. बारीक केलं की तोही साठवर."

पंधरा इंची म्हणजे समुद्रही मोठा, असा हिशेब करून द्रौपदाबाईंनी मोठ्यावर हात ठेवला, आणि निर्णय झाला म्हणून स्टँडवर घेतलेला केळीच्या वेफर्सचा पुडा फोडला. पहिला वेफर कुरकुरला आणि पंधरा इंची पडदा विहिरीतल्या चंद्रासारखा थरथरला. त्या थांबल्या. पडदाही थांबला. दुसरा वेफर. पुन्हा थरथर.

"शेठ, तुम्ही पण खा."

शेठनं खाल्ला. यादवनं खाल्ला. माउस विचारायला आलेल्या गिऱ्हाइकालाही एक मिळाला. चौघंही चावत एकटक बघत राहिले.

"चावताना डोळे हलतात," यादव म्हणाला, "म्हणून विझणं-पेटणं दिसतं."

"सात वर्षं विकतोय," रतिलालशेठ हळूच म्हणाले. "दुकानात कधी काही खाल्लं नाही."

मग सगळे लहान्याकडे वळून चावू लागले. तो ढिम्म होता.

परतीच्या एसटीत द्रौपदाबाईंनी खोकं मांडीवर घेतलं. कंडक्टरनं विचारलं, "आत काय शे, अक्का?"

"समुद्र."

त्यानं खोक्याकडे पाहिलं. "सांडू देऊ नका," म्हणाला आणि पुढे गेला.

घरी यादवनं चित्र जाडंभरडं करून पंच्याऐंशीवर लावलं. लाल मोटार निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण, कपाळ शांत. तिसऱ्याला झाडं संपली. द्रौपदाबाईंनी डावा बाण दाबला. मोटार रस्ता सोडून गवतातून तरंगत गेली आणि काठापासून दहा हातांवर थांबली. पुढे आडवं काहीच नव्हतं, तरी चाकं जागीच फिरत होती.

"गेमची हद्द संपली," यादव म्हणाला. मागून सात मोटारी एकामागून एक निघून गेल्या. "शेवटचा नंबर, अक्का."

"जाऊ दे. त्यांना कामं असतील."

त्यांनी बाणावरचं बोट काढलं. एकच लाट पुन्हा पुन्हा येत होती, दर वेळी पहिल्यांदाच आल्यासारखी. दारातलं ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्याला दोन बोटं लावली. ठोका लागत नव्हता, इतका तो शांत होता. वेफर संपले होते. समुद्र दहा हातांवर होता.

मग त्यांनी फुलस्केप कागद काढला.

"प्रति, मा. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग.
विषय : अमळनेर–धुळे रस्त्यावर समुद्र बसवून मिळणेबाबत.
महोदय, सदर रस्त्यावर धुळ्याकडे जाताना तिसऱ्या वळणानंतर, झाडे संपताच, डाव्या हाताला एक समुद्र बसवण्यात यावा. जाडाभरडा चालेल, मात्र वेफर खाताना हलणारा नसावा. तसेच काठापर्यंत पायी जाता यावे, शेवटचे दहा हात शासनाने अडवून ठेवू नयेत, ही नम्र विनंती. पोच मिळावी."